तिथं आधीच माणसं आहेत

१

दुपारची पेज मी वाढायचे. एझ्रानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बंदर सोडतानाच तसं ठरवून टाकलं होतं. ‘कप्तानाची बायको स्वतः वाढतेय म्हटलं की लोक कुरकुर करत नाहीत,’ असं त्याचं म्हणणं. लोकांनी कुरकुर करावी असंच सगळं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

‘कॉन्स्टंट मेरी’ हे म्हातारं जहाज. त्याची चाकरी इंग्लंडात आमच्या व्हिटबी बंदराच्या धक्क्यावर सगळ्यांना तोंडपाठ. देवमाशाचं तेल वाहिलं, कोळसा वाहिला, आणि आता कॅनडाहून लाकूड. पण लाकूड येताना. जाताना जहाजाचं पोट रिकामं, आणि रिकामं पोट मालकाला बघवत नाही. स्वतःचं नव्हे, जहाजाचं. म्हणून मालक थॉर्पसाहेबांनी मधल्या तळावर झोपायला फळ्या ठोकून घेतल्या, खाली एक थर, वर एक थर, आणि क्वेबेकला निघालेली माणसं त्यात भरली. शेतमजूर, विणकर, त्यांच्या बायका, पोरं. घरी उपाशी मरण्यापेक्षा समुद्र बरा म्हणणारी माणसं. फळ्या बसवणारे सुतार तेव्हा हसत होते. म्हणे, जहाजाच्या कुशीत खाचा आधीच पाडलेल्या आहेत, आम्हाला नुसत्या फळ्या सरकवायच्या. कोळशाच्या जहाजाला खाचा कशाला लागतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी काही एझ्राच्या प्रेमाखातर जहाजावर चढले नव्हते. माझी धाकटी बहीण नॅन, तिचा नवरा रॉब आणि त्यांची तान्ही पोर त्याच तळावर होती. आमच्या आईच्या मागे नॅनला मीच वाढवलेलं. तिला पोचवायला मी आले होते.

वारा चांगला होता. किनारा दिसेनासा होऊन थोडेच दिवस झाले असतील. मी पेजेचं भांडं घेऊन शिडी उतरले, आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. सगळी माणसं उजव्या बाजूला कोंबून बसली होती. एका फळीवर दोन-दोन कुटुंबं, पोरं मोठ्यांच्या पायांवर, गाठोडी पोटाशी. आणि डाव्या बाजूची फळ्यांची रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोकळी. एक टोपीसुद्धा कोणी तिथं ठेवली नव्हती.

“नॅन, अगं अख्खी बाजू रिकामी पडलीय. इथं कशाला गुदमरताय?”

नॅननं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिची जागा खाल्ली.

“रिकामी? वा! तुझ्या नवऱ्याला विचार, एकच जागा दोनदा विकतात का म्हणावं.”

“म्हणजे काय?”

“तिथं आधीच माणसं आहेत.”

“कोण माणसं?”

“मला काय ठाऊक! पलीकडे तोंड करून पडलेली असतात. इतकी चिकटून, की मध्ये हात जाणार नाही. रॉबनं सांगून पाहिलं, जरा सरका म्हणून. सरकत नाहीत.”

शेजाऱ्याच्या कोंबड्यांबद्दल तक्रार करावी अशा सुरात ती बोलत होती. भीती वाटत असती तर मी तिची समजूत घातली असती. तिला भीती वाटत नव्हती, तिचा संताप झाला होता.

मी डाव्या फळ्यांपाशी गेले. काही नव्हतं. नुसतं लाकूड. मी हात ठेवला. लाकूड उबदार होतं. वर डेकवर स्वयंपाकाची चूल आहे, तिची ऊब खाली येत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. वर आल्यावर चूल पाहिली. ती उजव्या बाजूला होती.

२

“आळशी आहेत,” एझ्रा म्हणाला. आमच्या केबिनमध्ये तो खारवलेलं डुकराचं मांस चिरत होता. “एकत्र कोंबून घेतलं की ऊब मिळते त्यांना. आणि पोचल्यावर सांगता येतं, कप्तानानं जनावरासारखं आणलं.”

“नॅन खोटं बोलत नाही.”

“नॅन तीन वर्षांची असल्यापासून भांडतेय. तूच सांगत असतेस.”

तो हसला. पण त्यानं मला हे विचारलं नाही, की डाव्या बाजूला ‘कोण’ आहे असं ती म्हणते. कोणीही विचारलं असतं. हे माझ्या मनात नंतर आलं आणि मग तिथून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः खाली उतरला. मागे मी, माझ्यामागे दोन खलाशी. शिडीच्या शेवटच्या पायरीवरच तो उभा राहिला, पाय खाली टेकवला नाही.

“ही बाजू भरायची. आज, आत्ता. आणि सुरुवात माझ्या मेहुणीपासून. म्हणजे मग कोणी म्हणायला नको, कप्तान आपल्या माणसांना सांभाळतो.”

“एझ्रा!” मी म्हटलं.

“तू वर जा, हेस्टर.”

रॉब उठला. आडदांड माणूस, दोन बैलांमध्ये उभा राहिला तर तिसरा वाटावा असा. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला, “कप्तानसाहेब, तिथं... तिथं फार गर्दी आहे हो.”

खलाशी खो खो हसले. रिकाम्या फळीकडे बोट दाखवून एक म्हणाला, “आमची ओळख करून दे की!” रॉब हसला नाही. तळावरचं कोणीच हसलं नाही. नॅननं पोरीला उचललं, घोंगडी ओढली, आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, “थॉर्पचं मीठ तू पण खातेस, हेस्टर.”

मी तिला थांबवलं नाही. मी नवऱ्याला शिव्या घातल्या, दार आपटलं, जेवले नाही. पण तिला थांबवलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी पेज घेऊन गेले, तर डाव्या फळ्या भरलेल्या होत्या. नॅनच्या कुटुंबामागून एझ्रानं आणखी बरीच कुटुंबं तिकडे हाकली होती. जागा आता मुबलक होती. तरी सगळी कुशीवर पडलेली, गुडघे पुढच्याच्या गुडघ्यांमागे बसतील असे दुमडलेले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. दोघांच्या मध्ये मात्र जागा सोडलेली. सारखी. एका माणसाएवढी.

“नॅन, पेज.”

ती वळली. त्याच क्षणी रॉब वळला. रॉबच्या मागचा म्हातारा वळला, त्याच्यामागची पोरं वळली, आणि जहाजाच्या नाकापर्यंत अख्खी रांग एका दमात या कुशीवरून त्या कुशीवर झाली. फळ्या एकदाच करकरल्या. रांगेतल्या माणसांच्या वजनानं करकरतील त्यापेक्षा जड.

“हे काय चाललंय?” माझा आवाज चढला. मला वाटलं माझी चेष्टा करताहेत. खरंच तसं वाटलं, आणि तसंच असावं अशी माझी इच्छा होती.

“एकटीला वळता येत नाही,” नॅन म्हणाली. “सगळे वळले तरच.”

“पोर कुठाय?”

पोर तिच्या पोटाशी होती. जागी. डोळे उघडे. पाळण्यात टाकली की घर डोक्यावर घेणारी ती पोर, तिच्या तोंडातून हूं का चूं नव्हतं.

“रडत नाही आता,” नॅन म्हणाली. “रडलं की सगळ्यांनाच त्रास होतो. कळलंय तिला.”

मी वर धावले. एझ्रा सुकाणूपाशी होता. सगळ्या खलाशांदेखत मी त्याला म्हटलं, “नॅनला माझ्या केबिनमध्ये आणते आहे. तू बाहेर झोप.”

“आणि खालच्यांनी दंगा केला तर? तू निस्तरशील?” मग आवाज खाली आणून, मऊ करून म्हणाला, “हवा लागली नाही म्हणून असं होतं गं. उद्या सगळ्यांना वर घेतो. सायलस फिडल वाजवेल. जरा नाचले की रक्त फिरेल. मला माहिताय हे. खालची माणसं अशीच होतात पहिले काही दिवस.”

“तुला कसं माहिताय? तू तर आजवर कोळसा आणि लाकूड वाहिलंस.”

त्यानं होकायंत्राकडे पाहिलं. वारा बदलतोय म्हणाला.

४

स्वच्छ ऊन पडलं होतं. समुद्र निळा, शिडं फुगलेली, असा दिवस की वाईट काही घडू नये. खलाशांपैकी सायलसनं पिंपावर बसून फिडलच्या तारांवर आमच्याकडचीच एक चाल धरली. व्हिटबीच्या कोळिणी मासळी निवडताना जिच्यावर ठेका धरतात ती.

माणसं वर आली. जोडीजोडीनं आली. ज्यांची एकमेकांशी ओळख नाही अशीही जोडी करून. एकाचा उजवा पाय दुसऱ्याच्या डाव्या पायाला चिकटलेला, आणि पावलं बरोबर पडत नसल्यानं अडखळत.

मग ती नाचली. त्याला नाच म्हणायचं तर. दोन्ही पाय जुळवून जागच्या जागी उड्या. वर, खाली. वर, खाली. हात लोंबते. चेहऱ्यावर काही नाही. नॅन, जी लग्नात नाचून नाचून बुटाचा तळ सोलवटून आली होती, ती माझ्या समोर पाय जुळवून उड्या मारत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

सायलसनं फिडल खाली ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. “बाईसाहेब,” तो म्हणाला, “पाय ऐका.”

मी ऐकले. समोर जेवढी माणसं होती तेवढ्यांचा आवाज कसा असेल, हे कानाला कळतं. हा आवाज जास्त होता. पुष्कळ जास्त. फिडल थांबलं तरी तो थांबला नाही.

आणि तेवढ्यात एझ्रा ओरडला. “उंच! अजून उंच! हलवा पाय, हलवा!”

लग्नाला इतकी वर्षं झाली, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरुण आवाज होता. त्यात मजा होती. त्याचा उजवा हात बाजूला गेला, मूठ वळली, आणि मनगटाला एक झटका बसला. सफाईदार झटका, पुन्हा पुन्हा केल्याशिवाय न येणारा. हातात काही नव्हतं. पण समोरची पहिली ओळ मागे सरली.

मग त्याला मी दिसले. त्यानं हात खिशात घातला.

५

“तू जाऊन झोप त्या फळीवर,” मी म्हटलं.

डेकवर सगळे होते. सगळ्यांनी ऐकलं.

“हेस्टर, उन्हानं तुझं डोकं—”

“रिकामी आहे ना ती बाजू? आळशी आहेत ना हे? भरदुपार आहे. जा. थोडा वेळ पड जाऊन. मी तिथंच उभी राहते.”

तो हलला नाही. ज्या माणसानं बर्फातून, वादळातून जहाजं आणली, तो आपल्याच जहाजाच्या शिडीकडे बघायला तयार नव्हता. मला त्याची कीव आली नाही. अजून येत नाही.

“बरं,” मी म्हटलं. “मग मीच झोपते.”

तळ रिकामा होता, सगळे वर होते. वरच्या चौकोनातून ऊन शिडीवर उतरलं होतं. मी नॅनच्या जागेवर गेले, कुशीवर पडले. मनात एकच होतं. इथं काही नाही हे सिद्ध करायचं, मग वर जायचं आणि एझ्राला त्याच्या मूर्खपणाबद्दल सोलून काढायचं.

ऊब आधी आली. पाठीकडून. मग मानेवर श्वास. मी म्हटलं, माझाच श्वास लाकडावर आपटून परत येतोय. मी श्वास रोखला. तो चालू राहिला.

माझ्या पुढ्यात कोणाची तरी पाठ होती. दिसत नव्हती. पण माझे गुडघे तिला टेकले होते आणि त्यांना आणखी पुढे जाता येत नव्हतं. कोणी मला धरलं नाही. ढकललं नाही. मी तिथं पडलेय याची त्यांना फिकीर नव्हती. मी रागानं भरून खाली उतरले होते, आणि तिथं, त्या रांगेत, माझा राग कुठल्या कुठे बारीक होऊन गेला. त्यांचा असा होता की त्याला आवाज करायची गरज नव्हती. सगळे एकाच ठिकाणी बघत होते. मी पण तिकडे पाहिलं.

वरच्या उजेडाच्या चौकोनातून एक चेहरा खाली वाकला होता. विशीतला. गुळगुळीत गाल, कपाळावर पिवळे केस. तो मागे वळून कोणाला तरी काहीतरी म्हणाला आणि हसला. मग पुन्हा खाली, आमच्याकडे पाहिलं. दाण्याच्या पोत्यांकडे पाहावं तसं.

मी त्याला ओळखलं. तो चेहरा मी आमच्या लग्नात पाहिला होता.

“हेस्टर!” त्याच चौकोनातून पिकल्या दाढीचा एझ्रा ओरडत होता. “हेस्टर, वर ये!”

मी वर आले. कशी ते आठवत नाही.

“या जहाजाचं आधीचं नाव काय?”

त्यानं शिडीच्या तोंडावरचं झाकण ओढून घेतलं.

“एझ्रा, नाव काय होतं?”

“‘ब्लेस्ड ॲन’.” त्यानं डोळे मिटले. “आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्यावर गुलाम भरायचे, जमैकाला विकायचे. कायदेशीर धंदा होता, हेस्टर! पार्लमेंटनं बंद केला, आम्ही बंद केला. मी तिसरा अधिकारी होतो. पोरगा होतो.”

“आणि थॉर्पला हे ठाऊक आहे?”

“त्याच्या बापाचंच जहाज. गोऱ्या माणसांना काय होणार होतं? नुसत्या फळ्या आहेत त्या!”

माझी चपराक त्याला बसली तेव्हा एकाही खलाशानं मान वळवली नाही.

मग मी सायलसला जादा शिडं काढायला सांगितलं. डेकवर तंबू बांधले, आणि खाली कोणीही जायचं नाही असं मीच सांगून टाकलं. कप्तानाला कोणी विचारलं नाही. सायलसनं नॅनला आणि रॉबला ओढून वेगळं केलं. उन्हात बसवल्यावर बऱ्याच वेळानं नॅनची पोर रडली. एवढ्या मोठ्यानं रडली की वरच्या दोरावरचा खलाशी खाली डोकावला.

“ते आम्हाला त्रास देत नव्हते गं,” नॅन म्हणाली. ती रागातच होती. “त्यांना जागाच नव्हती.”

६

नदीच्या मुखाशी लागलो तेव्हा वारा पडला. पुढे बेटापाशी सरकारी डॉक्टर जहाजावर चढणार, तळ तपासणार, घाण दिसली तर जहाज अडकवून ठेवणार. तळ धुवायला हवा होता. एझ्रानं हुकूम सोडला. कोणी जागचं उठलं नाही. त्यानं शिव्या दिल्या. तरी नाही.

शेवटी त्यानं स्वतः बादलीत व्हिनेगर ओतलं, ब्रश घेतला आणि शिडीपाशी आला. माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नको म्हणावं अशी त्याची अपेक्षा होती. मी शिडीपासून बाजूला झाले.

बराच वेळ खालून घासण्याचा आवाज येत राहिला. खरखर, खरखर. उजव्या बाजूचा. मग शिडीजवळचा. मग डाव्या बाजूचा.

तो थांबला.

एझ्राचा आवाज आला. आधी हुकमी. “सरका तिकडे.” मग पुन्हा, जरा कमी. “सरका म्हणतो ना.” आणि मग एका अगदी लहान आवाजात, जो मी ओळखलाच नसता: “जरा... जरा जागा द्या. श्वास घ्यायला तरी.”

रॉब आणि सायलस उतरले. त्यांच्यामागे मी. एझ्रा डाव्या फळीवर कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी, तोंड जहाजाच्या लाकडाशी दाबलेलं. इतकं, की नाक वाकडं झालं होतं. त्याच्यामागे अख्खी फळी मोकळी. रॉबनं खांद्याला धरून ओढलं. दोघांना मिळून ओढावं लागलं. निघताना असा आवाज झाला, जसा चिखलातून बूट निघताना होतो.

तो जिवंत होता. डोळे उघडे होते. आम्ही त्याला वर नेलं. जाताना मी त्या फळ्यांशी काहीतरी बोलले. काय बोलले ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

७

जहाज दुय्यम अधिकाऱ्यानं लाकूड भरून परत नेलं. मी क्वेबेकला राहिले. नॅन आणि रॉब आणखी वर, जंगलाकडच्या जमिनीवर गेले. मी बंदराजवळ खोली घेतली, खलाशांचे कपडे धुते, शिवते. एझ्रा माझ्यापाशी आहे. ऐसपैस पलंग दिलाय त्याला. तो भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपतो. मी पलंगाच्या कडेवर टेकले तरी कण्हतो, भरलंय, भरलंय. मी त्याला भरवते, पुसते. लोक म्हणतात, केवढी दया! दया नाही ती. त्यानं लवकर सुटू नये असं मला वाटतं.

मी थॉर्पला सगळं कळवलं होतं. जहाज फोडून टाक, म्हटलं. उत्तर आलं नाही.

बर्फ वितळल्यावर नदी मोकळी झाली आणि इंग्लंडची जहाजं यायला लागली. परवा दुपारी मी धक्क्यावर कपडे वाळत घालत होते. एक जहाज नांगर टाकत होतं. काळा रंग नवा, मागच्या बाजूला सोनेरी अक्षरं नवी: ‘न्यू होप’. नाव बदललं तरी उभं राहण्याची ढब बदलत नाही. मी ती लांबूनसुद्धा ओळखली.

डेकवर माणसं होती. पुष्कळ माणसं. बायाबापड्या, कडेवर पोरं. क्वेबेक बघायला सगळी वर आली होती, आणि सगळी उजव्या कठड्याशी एकमेकांवर रेलून उभी होती. डावा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा.

आणि जहाज डावीकडे कललं होतं.

मी ओला कपडा तसाच टाकला. धक्क्याखाली जाँ बॅप्टिस्ट नावाचा म्हातारा नावाडी पाइप ओढत बसला होता. मी त्याच्या होडीत उडी मारली तशी होडी डगमगली आणि तो शिव्या घालत उठला.

“अहो बाई, बुडवाल! कुठं निघालात?”

“त्या जहाजावर.”

“अजून बंदराच्या डॉक्टरचा परवाना नाही त्याला. जाऊ देणार नाहीत. कोण आहे तुमचं तिथं?”

“सगळे,” मी म्हटलं. “वल्हं मार.”